सहावी खुर्ची

रविवारी सकाळी दहाला मुंगी बाथरूममध्ये गेली आणि साडेअकरा वाजले तरी बाहेर आली नाही, तेव्हा घरात सरळ दोन तट पडले. मुंगीच्या आजोबांचं, म्हणजे अण्णांचं म्हणणं, कडी काढा आणि मुलीला बाहेर आणा. मुंगीच्या आईचं म्हणणं, दाराला कोणी हात लावायचा नाही. मुंगीच्या काकांचं, म्हणजे रंधासरांचं म्हणणं कोणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे ते आपल्या खुर्चीवर बसून उकडलेल्या अंड्याचं टरफल सोलत होते.

घरात दुसरं बाथरूम होतं, नाही असं नाही. ते वरच्या मजल्यावर होतं आणि तीन आठवड्यांपासून बंद होतं. त्याची टाकी थोडी गळते म्हणून रंधासरांनी ती खोलली, सगळे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, आणि एक वायसर सापडेना म्हणून काम थांबवलं. तो वायसर अजून सापडायचा होता. अण्णा शहाऐंशी वर्षांचे. सकाळपासून त्यांचे दोन कप चहा झाले होते, आणि आता ते खुर्चीत जरा जास्तच ताठ बसले होते.

"तू पेचात टाकलंस सगळ्यांना," अण्णा धाकट्या मुलाला म्हणाले.

"मी तर नुसता बसलोय, अण्णा."

"तेच. वरचं उघडून बसलास आणि खालचं उघडत नाहीस."

खालचं दार रंधासरांनी स्वतः बनवलं होतं. लाकूड फुगतं म्हणून ते खालून बोटभर आखूड ठेवलं होतं. अण्णांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा कडी बदलून बाहेरून स्क्रूड्रायव्हरने फिरेल अशी खाचही करून ठेवली होती, न जाणो म्हातारा माणूस आत पडला तर. म्हणजे दार उघडणं हे अर्ध्या मिनिटाचं काम होतं आणि ते फक्त रंधासरांना येत होतं. स्क्रूड्रायव्हर त्यांच्या खिशातच होता, नेहमीसारखा.

घरात असा मान त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मिळत होता, आणि त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

या घरात कोण किती मानाचा हे जेवणाच्या टेबलावर लिहिलेलंच होतं. अण्णांनी शाळा काढली तेव्हाच ठरवलं होतं की जो नियम शाळेतल्या मुलांना तो घरच्या मुलांना. नववीच्या वार्षिक परीक्षेत ज्याचा जो नंबर येईल, त्याप्रमाणे टेबलावर त्याची कायमची खुर्ची. खुर्च्यांच्या पाठीवर पितळी पट्ट्या होत्या आणि त्यांवर आकडे. एक नंबर अण्णांचा. ते शाळेचे संस्थापक, त्यांची परीक्षा कोण घेणार? दोन नंबर त्यांच्या मुलीचा, म्हणजे ताईंचा. त्या नववीत पहिल्या आल्या होत्या, पुढे याच शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, पण पर्समधलं लाल पेन काही निवृत्त झालं नव्हतं. तीन नंबर मोठ्या मुलाचा, म्हणजे दादांचा. ते तिसरे आले होते आणि दातांचे डॉक्टर झाले होते. चार नंबर दादांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा. त्या दुसऱ्या शाळेत शिकलेल्या, म्हणून लग्नानंतर अण्णांनी त्यांचं प्रगतिपुस्तक मागवून अंदाजाने जागा दिली. आता त्याच या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, पण खुर्ची चारच.

पाच नंबर रंधासरांचा, फ्रिजला लागून. नववीत ते तिसांत तिसावे आले होते. शाळेत ते लाकूडकाम शिकवायचे, म्हणून मुलांनी त्यांना रंधासर केलं आणि ते नाव घरापर्यंत आलं. टेबलावर कोणालाही पाणी, लोणी, बर्फ काहीही हवं झालं की फ्रिज उघडायचा तो पाच नंबरने. चाळीस वर्षांत ते सलग चार घास बसून जेवले असतील तर शपथ.

मुंगीला अजून खुर्ची नव्हती. ती दादा-वहिनींची एकुलती एक. लहानपणी साखरेच्या डब्यापाशीच सापडायची म्हणून मुंगी. नववीचा निकाल लागेपर्यंत मुलांनी बिननंबरी स्टुलावर बसायचं. तिचा निकाल उद्या, सोमवारी सकाळी नऊ वाजता होता. तिच्यासाठी सहावी खुर्ची रंधासरांनी बनवून ठेवली होती आणि ती व्हरांड्यात वर्तमानपत्रात गुंडाळून उभी होती. पट्टी तेवढी राहिली होती.

"सभेला सुरुवात करू या?" वहिनींनी शाळेच्या समितीच्या इतिवृत्ताची वही उघडली. "ठराव एकच आहे. उद्याचं निकालवाचन बंद करायचं."

"पहिला मुद्दा बाथरूम," अण्णा म्हणाले.

"तोच मुद्दा आहे, अण्णा."

निकालवाचन म्हणजे अण्णांच्या शाळेची शान. सगळी शाळा सभागृहात बसायची. प्रत्येक वर्गाची नावं पहिल्यापासून शेवटापर्यंत मोठ्याने वाचली जायची, आणि ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं. पहिल्याला टाळ्या. शेवटच्याला त्याहून जास्त टाळ्या, अगदी मिनिटभर, का तर पुढच्या वर्षासाठी हुरूप यावा. ही शेवटच्या टाळ्यांची कल्पना अण्णांची स्वतःची होती आणि त्यांना तिचा फार अभिमान होता.

"सत्तावीस," वहिनी म्हणाल्या. "मी पाच वर्षांच्या सुट्टीच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. निकालवाचनाच्या आदल्या आठवड्यात दरवर्षी मुलांची पोटं दुखतात. यंदा सत्तावीस मुलांची दुखली."

"कॅन्टीन तपासा."

"त्या आठवड्यात कॅन्टीन बंद असतं."

"मग उपाशीपोटी दुखत असतील."

ताई हसल्या. त्या नेहमीच अण्णांच्या बाजूला हसायच्या. "अगं, आम्हीसुद्धा उभे राहिलोच की. आमचं काय वाईट झालं?"

"तुम्ही पहिल्या म्हणून उभ्या राहिलात, ताई."

"पहिलं येण्याचंही दडपण असतं हो!"

"असणारच. म्हणजे दोन्ही टोकांना त्रास आहे, हेच मी म्हणतेय." वहिनींनी दुसरा कागद पुढे केला. "माझं म्हणणं, प्रत्येक मुलाने आपल्या वर्गशिक्षकांबरोबर दहा मिनिटं बसावं. निकाल पाकिटात. काय जमलं, कुठे अडलं, कोण मदत करेल, एवढं बोलायचं. बाकी कोणाला कळायचं कारण नाही. गणितात काठावर असलेली मुलं मधल्या सुट्टीत भावजींच्या वर्कशॉपमध्ये पडलेली असतात. तिथे पाऊण फुटातून तीन इंच वजा करून लाकूड बरोबर कापतात. मग पेपरात का अडतात? कोणी विचारतं का त्यांना?"

रंधासर अंड्याला मीठ लावायचं विसरले. आपलं नाव सभेत चांगल्या कारणासाठी निघण्याची त्यांना सवय नव्हती. वर्कशॉपमध्ये मुलं येतात हे खरं होतं. तिथे मार्क नव्हते. केलेलं स्टूल डगमगायचं किंवा डगमगायचं नाही. डगमगलं तर पाय थोडा तासायचा आणि पुन्हा ठेवून बघायचं.

"दादा, तुझं काय?" ताईंनी विचारलं.

दादांना धंद्याची सवय अशी लागली होती की समोरच्याचं तोंड उघडं आणि बोलतात ते एकटेच. "पटतंय ना? पटतंय. छान," ते बायकोला म्हणाले. मग अण्णांकडे वळून, "पण परंपरा पण आहे. आहे ना? आहे."

समितीत मतं चार: अण्णा, ताई, दादा, रंधासर. वहिनींनी फक्त मांडायचं आणि लिहायचं. बरोबरी झाली तर अध्यक्षांचा, म्हणजे अण्णांचा शब्द अखेरचा. ताई आणि अण्णा एकीकडे म्हटल्यावर हिशोब कधीच संपला होता. राहिले रंधासर. त्यांचं मत इतिवृत्तात आजवर एकाच प्रकारे लिहिलं गेलं होतं, 'ताई म्हणतील तसे'.

"ठराव नामंजूर," अण्णा घाईघाईने म्हणाले आणि पाय अवघडल्यासारखे हलवू लागले. "आता जा, ते दार उघड."

रंधासर उठले. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या.

बाथरूम जेवणघराला लागूनच होतं. रंधासर दारापाशी जमिनीवर बसले, कारण उभं राहून स्क्रूड्रायव्हर हातात धरला की आपण चोर वाटतो असं त्यांना वाटलं.

"मुंगे."

"पोट दुखतंय."

"माहीत आहे. अठ्ठाविसावं पोट."

"काका, मी शेवटची आहे."

"आईने सांगितलं?"

"नाही. आई कालपासून मला 'बाळा' म्हणतेय."

रंधासरांना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. वहिनी शिस्तीच्या बाई. त्यांच्या तोंडून 'बाळा' निघालं म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"गणिताचा अर्धा पेपर कोरा सोडला मी. येत होतं रे! पण बाई माझ्या बाकाशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि मला एकदम ते सभागृहच दिसायला लागलं. मग काहीच दिसेना." ती थांबली. "उद्या मला तुझ्या जागेवर बसायचं, ना? फ्रिजपाशी. आणि तू एक खुर्ची वर सरकणार."

"हं."

"तुला तरी बरं वाटेल."

आता खरं सांगायचं तर, परवा ती सहावी खुर्ची घासताना रंधासरांच्या मनात अगदी हाच विचार येऊन गेला होता. वहिनींनी आडून आडून विचारलं होतं, 'ती खुर्ची फ्रिजच्या बाजूला मावेल का हो?' आणि ते काय ते समजले होते. चाळीस वर्षांनी एक खुर्ची वर! बसल्या बसल्या जेवायला मिळेल. घासता घासता त्यांनी शीळसुद्धा घातली होती. आता ते आठवून त्यांना इतकी लाज वाटली की दाराच्या या बाजूलाही त्यांनी मान खाली घातली.

"मुंगे, मी दार उघडणार नाही," ते म्हणाले. "तू आतून लावलंयस, तूच उघड. पण थांब जरा. तुला काही ऐकवतो."

ते जेवणघरात परत आले. स्क्रूड्रायव्हर पाहून अण्णा आशेने उठले.

"उघडलं?"

"नाही. दादा, कपाटातून माझ्या नववीचा निकाल काढ."

शाळेचे सगळे जुने निकाल कपबश्यांच्या कपाटात, वरच्या फळीवर वर्षानुसार लावलेले होते. पाहुणे आले की अण्णा ते दाखवायचे.

"आता? कशासाठी?" ताईंनी विचारलं.

"मुंगीला वाचून दाखवू. किती मार्कांवर माणूस जगू शकतो ते कळू दे तिला."

"काहीतरीच काय! धूळ उडेल नुसती. अण्णांना खोकला आहे."

"मला खोकला नाही," अण्णा म्हणाले, "मला दुसरंच आहे."

ताई उठून कपाटापुढे उभ्या राहिल्या. जुने निकाल काढायचे म्हटलं की चष्मा पुसत सगळ्यांत आधी धावणारी ही बाई आज कपाटाला पाठ लावून उभी राहिली, हे रंधासरांच्या लक्षात आलं. पण दादांनी तोवर त्यांच्या डोक्यावरून हात घालून वही काढली होती.

"मोठ्याने वाच," रंधासर म्हणाले. "मुंगे, ऐकतेस ना?"

"ऐकतेय," दारामागून आवाज आला.

दादा वाचू लागले. "गणित एकतीस. भाषा चव्वेचाळीस. विज्ञान अडतीस. इतिहास चाळीस. भूगोल एकसष्ट. वा! चित्रकला बहात्तर. एकूण दोनशे पंचवीस. क्रमांक तिसावा."

अण्णांनी शिक्षकाला शोभेल असा उसासा सोडला.

"दोनशे शहाऐंशी," बाथरूममधून आवाज आला.

"काय?"

"दोनशे शहाऐंशी होतात, काका. दोनशे पंचवीस कसे?"

दादांनी बोटाने पुन्हा वरून खाली मोजलं, ओठ हलवत. मग खालून वर मोजलं. "भूगोल राहिला," ते म्हणाले. "भूगोल धरलाच नाही. राहिला ना? राहिला!"

सगळ्यांनी आधी बाथरूमच्या दाराकडे बघितलं, कारण गणितात कोरा पेपर देणाऱ्या मुलीने सहा आकडे आतल्या आत मिळवले होते, कागद नाही, पेन्सिल नाही. वहिनींचे डोळे भरून आले. मग सगळ्यांनी ताईंकडे बघितलं, कारण ताई खाली बसल्या होत्या, आणि बसल्या होत्या त्या मुंगीच्या स्टुलावर.

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"मी तेव्हा अकरावीत होते. अण्णांना बेरजा मी करून द्यायचे. सगळे म्हणायचे, हिची बेरीज कधी चुकत नाही. म्हणून कोणी तपासल्याच नाहीत." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, त्याबरोबर लाल पेनही बाहेर आलं. "सात-आठ वर्षांनी वही बांधायला द्यायची होती, तेव्हा दिसलं मला. तू तोवर वर्कशॉपमध्ये लागला होतास. खूश दिसत होतास रे. म्हटलं, आता कशाला."

"खूश दिसत होतो?"

"शीळ घालायचास."

"रंधा मारताना मी शीळ घालतोच, ताई! तोंड उघडं ठेवलं तर भुसा जातो!"

रंधासरांचा आवाज चढला होता. या घरात त्यांचा चढलेला आवाज कोणी ऐकलेला नव्हता, त्यामुळे दादा घाबरून एक पाऊल मागे सरले. रंधासरांना राग आला होता, खराखुरा. चौदाव्या वर्षी ते त्या सभागृहात उभे राहिले होते आणि मिनिटभर टाळ्या वाजल्या होत्या, तेव्हा काय करावं ते न कळून त्यांनी वाकून नमस्कार केला होता. सगळे हसले होते. त्यांना नकाशे काढायचा नाद होता. वह्यांच्या मागच्या पानांवर नद्या, डोंगर, रस्ते. जमीन मोजायचं शिक्षण घ्यायचंय, असं ते त्या सुट्टीत अण्णांना म्हणाले होते, आणि अण्णा म्हणाले होते, 'शेवटचा आलास तू. हाताला काहीतरी काम शिक.' आणि राहिला काय होता, तर भूगोल!

एवढा राग मनात घेऊन त्यांनी काय केलं असेल? ताई रडायला लागल्या, तसे ते सवयीने उठले, फ्रिज उघडला, बाटली काढली आणि पेला भरून ताईंपुढे ठेवला. पेला ठेवल्यावर त्यांना आठवलं की आपण भांडतोय.

"हे बघ! हे असं होतं!" ते ओरडले. "भांडतानासुद्धा!"

"दुरुस्ती झाली पाहिजे," अण्णा म्हणाले. ते टेबलाला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पडला होता. काही झालं तरी ते नियमाचे पक्के होते, स्वतःच्या विरुद्धसुद्धा. "उद्या सभागृहात मी स्वतः जाहीर करतो. तू कितवा येतोस?"

दादांनी बोट फिरवलं. "एकोणिसावा."

"एकोणिसावा!" रंधासर क्षणभर सुखावले. मग त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. "म्हणजे खुर्ची पाचवीच."

"पाचवीच," दादा म्हणाले. "आणि शेवटचा येतो... अरे! हा तर आपला डोळ्यांचा डॉक्टर!"

अण्णांनी चष्मा काढला. "माझे डोळे ज्याने केले तो?"

"तोच."

"दोन्ही?"

"दोन्ही, अण्णा."

अण्णांनी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. "नीट केलेत की," ते पुटपुटले.

"मग जाहीर करायचं ना उद्या?" रंधासरांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि ताईंना तो जास्त लागला. "मला वर घ्यायचं तर त्यांना खाली उतरवायला लागेल. बोलवा त्यांना. उभं करा. मिनिटभर टाळ्या वाजवा. हुरूप येईल त्यांना पुढच्या ऑपरेशनला."

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ताईची बेरीज बरोबर असती तरी त्या दिवशी कोणीतरी उभं राहिलंच असतं, अण्णा. मी नाही तर ते. चूक बेरजेत होती तेवढीच नव्हती."

वहिनींनी पेन उचललं. "ठराव पुन्हा मताला टाकू?"

रंधासरांनी हात वर केला. ताईंकडे न बघता, ताईंच्या आधी. पाठोपाठ ताईंनी हात वर केला, रुमालासकट. दादांनी इकडे दोन, तिकडे एक असं मोजलं आणि खात्री झाल्यावर हात वर केला. "पटतंय," ते म्हणाले, "मला पहिल्यापासूनच पटत होतं."

"तीन विरुद्ध एक. ठराव मंजूर," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी ते लिहिलं. "बाळा, ये बाहेर! झालं!"

"आजोबांचा हात वर आहे का?" आतून विचारणा झाली.

अण्णांचा हात वर नव्हता. तो टेबलाची कड घट्ट धरून होता. मग त्यांनी काठी घेतली आणि एकेक पाऊल मोजून टाकत, कारण आता मोजून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, दारापाशी गेले.

"मुंगे, मी सांगतो. उद्या वाचन होणार नाही."

"आजोबा, तुम्हाला घाई आहे म्हणून म्हणताय तुम्ही."

"घाई आहे," अण्णा म्हणाले. "फार आहे. पण म्हणतोय ते खरंच." ते काठीवर वाकले. "त्या टाळ्या कोणाला वाईट वाटावं म्हणून सुरू केल्या नव्हत्या गं मी."

"माहीत आहे. पण वाटतं."

"कुठे वाटतं?"

"पोटात."

अण्णा मागे वळले. त्यांनी आपल्या धाकट्या मुलाकडे बघितलं, पुष्कळ वेळ, त्या डॉक्टरने केलेल्या दोन्ही डोळ्यांनी. "तुझंही दुखायचं का रे?"

"दुखायचं, अण्णा."

अण्णांनी हात वर केला, काठीसकट, आणि भिंतीला हात लावून तोल सावरला. दादांनी त्यांना धरलं.

"आणि खुर्च्या?" आतून आवाज.

मुंगी अण्णांचीच नात होती. अर्धवट काही सोडणारी नव्हती. रंधासरांनी हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघितलं. मग ते टेबलापाशी गेले, अण्णांची एक नंबरची खुर्ची फिरवली आणि पट्टीचा पहिला स्क्रू काढायला घेतला. तो गंजला होता. अण्णा 'अरे' म्हणाले, पण ते 'नको' म्हणाले नाहीत. दोन नंबरच्या पट्टीचे स्क्रू ताईंनी स्वतःच्या ओंजळीत धरले. तीन, चार. पाच नंबरचे स्क्रू हाताने फिरले. ती खुर्ची इतक्या वेळा मागे सरली होती की ते कधीच ढिले झाले होते.

रंधासर दारापाशी बसले आणि बोटभर फटीतून एकेक पट्टी आत सरकवली. पितळ फरशीवर घासल्याचा आवाज झाला. आतून मुंगी मोजत होती. पाचव्या पट्टीनंतर ती थांबली.

"सहावी?"

"सहावी बनवलीच नाही मी," रंधासर म्हणाले. "हात चालेना."

कडी निघाली. मुंगी बाहेर आली, नाक लाल, पट्ट्या छातीशी धरलेल्या. तिला जवळ घ्यायला सगळेच पुढे झाले, पण अण्णांनी काठीने वाट काढली, आत गेले आणि दार लावून घेतलं. घरातल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, आतल्याने तर सगळ्यांत मोठ्याने.

"माझे किती मार्क आहेत?" मुंगीने आईला विचारलं.

"उद्या माझ्या खोलीत ये. दोघी बसून बघू," वहिनी म्हणाल्या. "आणि तो कोरा भाग आपण पुन्हा सोडवू. शेजारी कोणी उभं राहणार नाही."

रंधासरांनी व्हरांड्यातून नवी खुर्ची आणली आणि वर्तमानपत्र काढलं. वर्तमानपत्राच्या घडीतून वायसर खाली पडला. तो त्यांनी मुकाट्याने खिशात टाकला. आज त्यांना तेवढ्यावरून बोलणी खायची नव्हती. मुंगीने खुर्ची ओढत नेली ती खिडकीपाशी, अण्णांच्या जागेशेजारी, आणि तिच्यावर बसून टाकलं. मग बाकीच्यांची पंचाईत झाली. आकडे नव्हते, आणि कोणी कुठे बसायचं ते कोणाला सुचेना. चौघं मोठी माणसं टेबलाभोवती पाहुण्यांसारखी उभी राहिली. शेवटी रंधासर टेबलाच्या लांबच्या टोकाला, अण्णांच्या जागी बसले, कारण त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. तिथून सगळं टेबल दिसत होतं. त्यांनी ते या बाजूने कधी बघितलं नव्हतं.

अण्णा बाहेर आले. ते आपल्या खुर्चीकडे गेले, तिच्यात मुलगा बसलेला बघितला, आणि मुंगीच्या स्टुलावर टेकले. "पाणी," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले.

सगळ्यांच्या माना रंधासरांकडे वळल्या. रंधासरांचे पाय आपोआप उठायला लागले होते. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि बसून राहिले. चाळीस वर्षांत इतकं जड काम त्यांनी केलं नव्हतं.

ताई उठल्या. फ्रिजपाशी गेल्या आणि दार ओढलं. ते उघडेना, कारण त्या बिजागरीच्या बाजूने ओढत होत्या. मग दुसऱ्या बाजूने उघडलं आणि आत बघत उभ्या राहिल्या, चष्मा वर-खाली करत.

"बाटली कुठल्या कप्प्यात असते रे?" त्यांनी विचारलं.

"वरून दुसऱ्या," रंधासर म्हणाले. "शोध, सापडेल. घाई नाही."